बॉनेटखाली दुसरंच कुणीतरी

लेथवर काम करणाऱ्याच्या पायाखाली दिवसभर लोखंडाचा कीस साठत जातो. तो झाडून ड्रममध्ये भरायचा आणि ड्रम भरला की भंगारवाला घेऊन जातो. माझ्या दुकानात किस्सेही असेच साठलेत. फरक एवढाच, की ते न्यायला कुणी टेम्पो आणत नाही! म्हटलं, आज थोडे तुमच्यापुढेच रिकामे करू.

अंबड लिंक रोडला माझं लेथचं दुकान आहे. भिंतीला भिंत लागून रौफचाचांचं गॅरेज. चाचांची खासियत म्हणजे जुन्या गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणं. मूळ इंजिन दगावलेलं असतं, पार्ट मिळत नाहीत आणि मालकाचा जीव तर गाडीत अडकलेला. मग एखादं धडधाकट इंजिन शोधायचं आणि या म्हातारीच्या पोटात घालायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण इंजिनाची भोकं एकीकडे असतात आणि गिअरबॉक्सची भलतीकडेच. म्हणून दोघांच्या मध्ये दोन्हीकडची भोकं पाडलेली एक जाड लोखंडी प्लेट घालावी लागते. ती मी बनवतो. चाचा तिला 'मध्यस्थ' म्हणतात.

समोर मंदाताईंचं स्पेअर पार्टचं दुकान. त्यांच्या मते जगात पार्ट दोनच प्रकारचे. "एक बसतो आणि एक बसवावा लागतो. पहिला माझ्याकडे मागायचा नाही!"

मध्यंतरी रील बनवणारा एक मुलगा आला. मोबाईल चाचांच्या तोंडासमोर धरून विचारतो, "चाचा, व्हिंटेज गाडी नेमकी कशाला म्हणायचं?"

चाचा हात पुसत म्हणाले, "धक्का मारून चालू होते तोवर भंगार. सेल्फवर चालू झाली की व्हिंटेज!"

*

इंदिरानगरचे बर्वे सर आम्हाला शाळेत गणित शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी वडिलांची अँबॅसिडर बाहेर काढली आणि तिच्यात डिझेल इंजिन बसवायचं ठरवलं. चाचांचा हिशेब सगळा डोळ्यांवर. सरांना ते पटेना. "अंदाजे म्हणजे काय? मी ड्रॉइंग काढून देतो."

आणि खरंच काढलं! ग्राफ पेपरवर, टोकदार पेन्सिलनं. इंजिन कुठे, रेडिएटर कुठे, इंजिनाचं तोंड आणि रेडिएटर यांच्यात पंख्यासाठी किती जागा सोडायची, सगळं. सरांनीच मोजून खुणा केल्या आणि मी बरहुकूम इंजिनाचे पाय वेल्ड केले. इंजिन साखळीनं उचलून हळूहळू खाली सोडलं, नटबोल्ट आवळले, आणि चाचांनी पंखा हातानं फिरवला.

खर्रर्र! पंखा रेडिएटरला घासला.

चाचा डोकं खाजवायला लागले. "मी तर अडीच इंच सांगितलं होतं."

मी ड्रॉइंग उचललं. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, अडीच. पुढे काहीच नाही. सरांनी मोजायला शाळेतली पट्टी वापरली होती, आणि ती धरली होती सेंटिमीटरच्या बाजूनं!

आता हेच सर वर्गात आमचं उत्तर बरोबर असलं तरी शून्य द्यायचे. "एकक कुठाय? पाच म्हणजे पाच काय? आंबे की म्हशी?" हे वाक्य मी तीन वर्षं बाकावर उभं राहून ऐकलेलं आहे.

मी ड्रॉइंग त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, "सर, अडीच काय? आंबे की म्हशी?"

सरांनी कागद घेतला, चष्मा वर केला, नीट पाहिलं. मग खिशातून लाल पेन काढलं, ड्रॉइंगवर मोठ्ठं शून्य दिलं आणि खाली सही केली.

"गांगुर्डे," ते मला म्हणाले, "पालकांची सही आणायची का?"

*

मंदाताईंच्या दुकानात एकदा एक गृहस्थ वॉटर पंप मागायला आले. सातपूरचे असावेत.

"कुठल्या गाडीचा?" ताईंनी विचारलं.

"तसं अवघड आहे हो. गाडी जुनी पद्मिनी आहे. पण इंजिन व्हॅनचं आहे."

"बरं. मग व्हॅनचा देऊ?"

"नाही, तो बसत नाही. कारण रेडिएटर ट्रॅक्टरचा आहे. गिअरबॉक्स जीपचा. सीट तर बसच्या आहेत."

मंदाताईंनी हातातला डबा खाली ठेवला. "मग दादा, पद्मिनीचं काय राहिलंय तिच्यात?"

गृहस्थांनी बराच विचार केला. "हॉर्न."

"तोही बदलून घ्या," ताई म्हणाल्या. "उगाच तो एकटा पडतो!"

*

सुरगाण्याचा लक्ष्मण गावित जीप चालवतो. बाजाराच्या दिवशी त्याच्या जीपमध्ये माणसं, कोंबड्या, भाताची पोती असं सगळं असतं, आणि घाट चढताना सगळ्यांना उतरून ढकलावं लागायचं. म्हणून त्यानं दुप्पट ताकदीचं इंजिन बसवून घेतलं. ताकद वाढली म्हणून मागचा ॲक्सलही दुसऱ्या गाडीचा, मजबूत असा आणला.

अडचण अशी झाली, की इंजिनाकडून येणारा शाफ्ट डाव्या बाजूला आणि नव्या ॲक्सलचं तोंड उजव्या बाजूला. जुळता जुळेना. दोन दिवस चाचा जीपखाली झोपून होते. तिसऱ्या दिवशी मला ओरडून म्हणाले, "सुन्या, सापडलं! ॲक्सल उलटा करू!"

उलटा केला. तोंड बरोबर शाफ्टसमोर आलं. आम्ही एकमेकांना टाळी दिली. लक्ष्मणनं नारळ फोडला.

चाचा ट्रायलला बसले. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि जीप सरळ मागे! जुन्या टायरांच्या ढिगात. चाचांना वाटलं गिअर चुकला. दुसरा टाकला. जीप आणखी जोरात मागे! टायर उडाले, चहाची किटली उडाली, मी लेथवर चढलो. शेवटी चाचांनी घाबरत घाबरत रिव्हर्स टाकला. जीप गोगलगायीसारखी पुढे निघाली.

ॲक्सल उलटा, म्हणून चाकं उलटी फिरत होती. पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला चार!

चाचा खाली उतरले ते मान खाली घालून. चूक त्यांची होती आणि जीप म्हणजे लक्ष्मणचं पोट. आता हा काय बोलतो, कोण जाणे. लक्ष्मण जीपभोवती एक चक्कर मारून आला.

"चाचा, लय भारी जमलं," तो म्हणाला. "आता तोंड नाशिककडं ठिवायचं अन् मागं मागं सुरगाणा गाठायचं. लोकांना वाटंल लक्ष्मण नाशिकला चाललाय, अन् मी तर घरी पोचलेला!"

चार दिवसांत आम्ही ते सरळ केलं. पण परवा भेटला तेव्हा म्हणाला, "तिकडं आजून बी कोनी नाय इचारत कुठं चालला. इचारत्यात, कोन्या तोंडानं चालला?"

*

इंजिन बदललं की सरकारदरबारी अर्ज करावा लागतो. हरसूलचे एक शेतकरी आजोबा अर्ज भरायला माझ्याच दुकानात बसले. मी कामात होतो, म्हटलं, तुम्हीच भरा. एक रकाना होता, 'इंजिन बदलण्याचे कारण'. आजोबांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'पहिले वारले.'

आरटीओच्या खिडकीतल्या साहेबांनी अर्ज वाचला. पेन बाजूला ठेवलं. चेहरा अजिबात न हलवता म्हणाले, "मग दाखला जोडा!"

*

निकम वकिलांची गाडी तर रस्त्यानं जाताना लोक वळून बघतात अशी. क्रीम रंग, चकचकीत क्रोम. इंजिन बदललं, गिअरबॉक्स बदलला. पण स्पीडोमीटर जुनाच ठेवला, कारण वकीलसाहेबांना तो गोल डायल फार प्रिय. आता नव्या गिअरबॉक्सला जुना मीटर जोडला की तो खरं बोलेलच असं नाही. हा तर बरोबर दुप्पट सांगायला लागला. गाडी चाळीसवर, काटा ऐंशीवर.

ते काही साहेबांच्या लक्षात आलं नाही. पहिल्याच रविवारी काकूंना घेऊन त्र्यंबकला जाऊन आले आणि तडक गॅरेजला. "चाचा, काय इंजिन बसवलंय! शंभरला नेली, पण पोटातलं पाणी हललं नाही!"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. शंभरला म्हणजे पन्नासला. बोलणं भाग होतं. चाचा सुरुवात करणार, "साहेब, तो मीटर जरा..." तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला आणि ते बोलत बाहेर गेले.

काकू झटकन गाडीतून उतरल्या. "चाचा, त्या मीटरला हात लावायचा नाही!"

"तुम्हाला माहितीये?"

"अहो, सायकलवाल्यानं ओव्हरटेक केलं आम्हाला!" काकू आवाज खाली आणून म्हणाल्या. "पण राहू द्या तसाच. ते खूश आहेत, आणि मी जिवंत आहे."

*

आणि हा पगारेबाबांचा.

पगारेबाबांनी तीस-पस्तीस वर्षं नाशिक-मुंबई टॅक्सी चालवली. आता वय झालं, नजर जवळजवळ गेली. पण ती पद्मिनी अजून कॉलनीत दारासमोर उभी असते. रोज सकाळी बाबा चाचपडत येऊन स्टिअरिंगवर बसतात, गाडी चालू करतात, पाच मिनिटं ऐकतात आणि बंद करून घरात जातात. जायचं कुठेच नसतं.

बाबा महिनाभर लेकीकडे येवल्याला गेले. जाताना मुलाला, संजयला, बजावून गेले, "रोज चालू करत जा. आधी पाणी बघ." संजय शाळेत क्लार्क आहे. एके दिवशी घाईत पाणी बघायचं राहिलं, गाडी चालू ठेवून तो फोनवर बोलत बसला. इंजिन तापलं आणि जाम झालं. ब्लॉकलाच तडा गेला.

तो गॅरेजला आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडलेला. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "चाचा, मी बाबांना मारलं."

मंदाताई समोरून पळत आल्या. मग कळलं, गाडीबद्दल बोलतोय.

"तसलं इंजिन आता मिळणार नाही," चाचा म्हणाले. "दुसरं बसवू. उलट मख्खन चालेल."

"मख्खन नकोय ना! बाबांना दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. पहिल्या सेकंदाला ओळखतील. मला तोच आवाज पाहिजे. ती टकटक, ती खरखर, सगळी."

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "चाळीस वर्षं लोक माझ्याकडे आवाज घालवायला येतात. आवाज घालायला आलेला तू पहिला!"

पण काम घेतलं. संजयच्या मुलीच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत मागे गाडी चालू होती. 'हॅपी बर्थडे'च्या खालून तो आवाज आम्ही शंभर वेळा ऐकला. इंजिन दोन दिवसांत बसलं. आवाज बसवायला दोन आठवडे गेले. चाचांनी एक टॅपेट मुद्दाम ढिला ठेवला, टकटक आली. खरखर येईना. मी सायलेन्सरच्या पट्टीला अर्ध्या मिलिमीटरनं कमी असा वॉशर करून दिला, तर खरखर जास्तच झाली. शेवटी मंदाताईंनी भंगारातून एक झिजलेली पट्टी शोधून दिली. "लोक नवीन मागतात आणि मी जुनं देते म्हणून भांडतात," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा मन लावून खराब माल दिला!"

बाबा परत आले त्या सकाळी संजयनं आम्हाला मुद्दाम बोलावलं. आम्ही तिघं कॉलनीत चहाचे कप हातात धरून उभे. संजय गाडीपाशी उभा. बाबा आले, दार चाचपलं, बसले, किल्ली फिरवली.

टक टक टक खर्रर्र.

बाबांनी डोळे मिटले. एक मिनिट गेलं. दोन गेली. मग त्यांनी गाडी बंद केली आणि म्हणाले, "संजू, पाणी बघत होतास ना रोज?"

"हो बाबा."

"शाब्बास. जा, शाळेला उशीर व्हईल."

संजय डोळे पुसत आत गेला. चाचांनी हळूच माझा हात दाबला. जमलं होतं!

मी पुढे होऊन बाबांना उतरायला हात दिला. त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. जवळ ओढून कानात म्हणाले, "चाचाला सांग, इंजिन लय झ्याक बसवलंय. अन् संजूला यातलं काही बोलू नका. त्यानं लय जीव लावलाय."

मी दुसऱ्या हातानं गाडीचं दार लावलं.

"संजूची आई कोपऱ्यावरून गाडीचा आवाज आला की भाकरीला तवा ठेवायची," बाबा म्हणाले. "म्हणून पंधरा-वीस वर्षांमागं इंजिन बदललं, तवा मी पण टॅपेट असाच ढिला ठेवून घेतला होता. तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही."

माझा हात सोडून त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला.

"म्हणजे," बाबा म्हणाले, "आज सकाळी किल्ली फिरवेपर्यंत मला तसंच वाटत होतं."