कारखान्यामागचा पालक

जालन्यात लोखंडाच्या एका कारखान्यामागे एका बाईंचा भाजीचा वाफा होता. मी मातीचे आणि पानांचे नमुने घ्यायला दोनदा गेले, पण त्यांचं नाव विचारायचं धाडस झालं नाही. धुरकट सकाळी त्या शेणखत आणि तुराट्यांचा कोळसा मातीत कालवत बसलेल्या असत, कणीक मळावी तशा. आधी तिथे रोपं पिवळी पडून मरायची. तीन वर्षांनी यंदा पालक इतका हिरवा आला होता की धुरात तो जमिनीच्या जरा वर तरंगतोय असं वाटे. पहिली जुडी त्यांनी नातीसाठी काढून ठेवली होती.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा तपासणीचा कागद माझ्या हातात होता. मातीत शिसं होतं, पानांतही उतरलं होतं.

"खतामुळे झाडं तगली," मी हळूच म्हणाले, "पण खाऊ नका."

त्या पानांकडेच बघत राहिल्या. "एवढं हिरवं हाय माय, अन् खायचं न्हाई?" मग हसल्या. "मंग झेंडू लावते. देव काय चावून बघतो का?"

हसावं की नाही, मला कळेना. त्यांनी वाफ्याकडे मान ताणणारी शेळी सोडली आणि रस्त्यापलीकडच्या बाभळीला नेऊन बांधली. परत येऊन त्या पालक उपटू लागल्या, अगदी सावकाश, एकही पान फाटू न देता.