सुतकात उघडं राहिलेलं दुकान

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भाकरीचा फोटो. आमचा कडक भाकरीचा धंदा. सुनेनं त्याची वेबसाइट काढून दिली, अन् बायकोनं ती अंगणासारखी रोज झाडायला घेतली. रोज नवा फोटो, खाली काय हाय, काय संपलं. भाकरीची चळत मी धरायची, मोबाईल तिनं.

"अवो, नीट धरा की. भाकरी धरलीय का साप?"

"कालचाच राहू दे. भाकरी काय रोज तोंड बदलती?"

"गिऱ्हाईक खुळं न्हाय. तितं लिवलंय ते खोटं निघालं, तर परत कोण येतंय?"

फोटो टाकला. खाली लिहिलं, आज ताजी भाकरी मिळेल. मग चहाचा कप घेऊन भिंतीला टेकली, ती तशीच राहिली. डॉक्टर आला, मान हलवून गेला. दिवस मावळायच्या आत तिला पोचवून आलो.

सकाळी घरात चूल नाही. शेजारणीनं आणलेला भात तसाच झाकलेला. अन् तिचा मोबाईल वाजला. मी काही बोलायच्या आतच समोरचा म्हणाला, "मावशी, मंद्रूपहून बोलतोय. पोरीची हळद हाय. मोबाईलवर बघितलं, ताजी भाकरी हाय म्हणून. गाडी घेऊन निघालोय."

सुतकातल्या घरची भाकरी, अन् हळदीच्या पंगतीत! शटर कालच ओढलं होतं, गल्लीला सगळं ठाऊक. पण मोबाईलमधलं दुकान सताड उघडं. आणखी किती जण निघाले असतील? कुणाचं बारसं, कुणाची वास्तुशांत. मागनं कळलं तर लोक शिव्या तिला घालणार. मेलेल्या बाईला.

"घरात सुतक हाय, दादा. तुमची मावशी काल गेली."

तो हळूच म्हणाला, "आता भाकरी कुटं बघू, काका?"

कुठं ते मला ठाऊक होतं. मागच्या गल्लीत एक बाई भाकरी करते. आमच्याकडंच थापायला शिकली, अन् आमचीच गिऱ्हाइकं फोडली. बायको तिच्या दारावरून जायची नाही, लांबचा वळसा घालायची. भाकरी मात्र चांगली करते, खोटं कशाला बोलू? त्याला तिचं घर सांगितलं अन् सुनेला हाक मारली.

"ते ताजी भाकरीचं आधी काढ. सुतक हाय, दुकान बंद हाय, असं लिही. खाली मागच्या गल्लीतल्या बाईचा नंबर टाक."

रडून सुजलेले डोळे तिनं माझ्यावर रोखले. "तिचा? मामा, आत्या असत्या तर..."

"तर मला आठ दिवस जेवण मिळालं नसतं. टाक तू."

तिनं टाकलं. मी दोनदा वाचून घेतलं, तरी जीव ठिकाणावर येईना. जे आधीच वाटेला लागले असतील, त्यांचं काय? खुर्ची घेतली अन् बंद शटरसमोर रस्त्यावर जाऊन बसलो, येईल त्या गाडीला हात करत.