राजश्रीचा पहिला अ‍ॅम्प

लांज्याच्या एसटी स्टँडमागे राजश्री शिगवणचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं तिने मशीनच्या मोटरी उघडल्या आणि बसवल्या. गेल्या वर्षी लग्नांत गिटार वाजवणारा दर्शन गिटारचा आवाज मोठा करणारा, बंद पडलेला अ‍ॅम्प घेऊन आला. मोटर जमते तर हेही जमेल, असं त्याचं म्हणणं. राजश्री नाही म्हणणार होती, पण तोंडून निघून गेलं, "ठेव."

मग आठवडाभर तिने मोबाईलवर व्हिडिओ बघितले. त्यातून उपकरणांची यादी झाली. ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर आणि आणखी चार. रविवारी यादी घेऊन ती अलोऱ्याला आप्पामामांकडे गेली. ते कोयना प्रकल्पात वायरमन होते. त्यांनी यादी वाचून विचारलं, यातलं तुला वापरता काय येतं? काहीच नाही, असं तिने कबूल केलं.

"मग आधी एक बरा मल्टिमीटर घे. हलका नको गो, त्याच्या भरवशावर तुझा हात आत जायचाय."

दुसरी वस्तू त्यांनी तिथेच बनवली. लाकडी फळीवर सॉकेट आणि होल्डर, होल्डरात शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब. अ‍ॅम्पची वीज या बल्बातून जायची. आत शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटतो आणि अ‍ॅम्प वाचतो. निघताना त्यांनी बजावलं, "प्लग काढला तरी कॅपॅसिटरात वीज साठून असते. मीटरवर शून्य दिसल्याशिवाय बोट लावू नको."

दुकानात अ‍ॅम्प जोडला आणि बल्ब लख्ख पेटला. तिने प्लग काढला, शून्य येईपर्यंत थांबली आणि एकेक भाग तपासत गेली. एका ट्रान्झिस्टरवर मीटर पीं करून वाजला, म्हणजे शॉर्ट तिथेच होता. तो आणि त्याचा जोडीदार, दोन्ही बदलले. या वेळी बल्ब क्षणभर चमकला आणि मंदावला. तिने दर्शनला बोलावलं. त्याने तार छेडली, आवाज आला, पण खरखरत. राजश्रीचा चेहरा पडला. निघाली ती आवाजाच्या बटणातली धूळ. स्प्रे मारल्यावर त्याने असं वाजवलं की स्टँडवरची माणसं डोकावून गेली.

सहा महिन्यांनी मीटर सगळं ठीक सांगत असूनही फाटका आवाज देणारा अ‍ॅम्प आला, तेव्हा तिने आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारा छोटा ऑसिलोस्कोप घेतला. तोवर त्यात काय बघायचं ते तिला कळत होतं.

आप्पामामा आता दर रविवारी फोन करतात. तब्येतीचं दोन वाक्यांत उरकतात आणि विचारतात, या आठवड्यात काय आलं होतं?