शेळ्यांनी सोडलेलं झाड

परवा साताऱ्याच्या नर्सरीत संध्याकाळी तो गोडसर वास आला आणि मी हातातली कुंडी खाली ठेवून मागं सरले. पानांखाली तशीच भोंग्यासारखी लांबलचक पिवळी फुलं लटकत होती.

मी लहान असताना आष्ट्याला, वैशाखात, आईनं महाबळेश्वरहून आणलेलं ते परदेशी झाड पहिल्यांदाच फुललं होतं. कुंपणातून धनगराच्या शेळ्या आत घुसल्या. जास्वंद, मोगरा, बोगनवेल, सगळं ओरबाडलं; त्या झाडाला मात्र एकीनंही तोंड लावलं नाही. आपलं झाड वाचलं म्हणून मी टाळ्या पिटल्या.

शेळ्या हाकायला आलेली धनगराची म्हातारी त्याच्याकडं बघत थबकली. "पोरी, शेळीबी ज्याला शिवत न्हाई, ते दारात कशापायी लावलंय गं?"

मी हसले. तेवढ्यात मागं भातुकली मांडून बसलेली धाकटी बहीण म्हणाली, "ताई, पिवळ्या फुलांची भाजी लय कडू झालीया."