चुन्याच्या पाण्यात उतरवलेली कावीळ

माझ्या धाकट्या बहिणीला आठव्या महिन्यात कावीळ झाली, आणि ईट गावाजवळच्या एका वस्तीवर ती उतरवायला तिला मीच नेलं. घरातलं दुसरं कुणी नाही, मी. शाळेत विज्ञान शिकवणारी, हळदीत चुना कालवून पोरांना रंग बदलून दाखवणारी बया!

तिथं एक म्हाताऱ्या बाई कावीळ उतरवायच्या. आधी हातांना कसल्याशा सालीचा रस चोळायचा, मग परातीत चुन्याच्या निवळीनं हात धुवायचे. पाणी पिवळंधमक व्हायचं. बघा, निघाली कावीळ, असं त्या म्हणायच्या आणि आम्ही दोघी हात जोडायचो. बहिणीचा नवरा दवाखान्यात जाऊ म्हणत होता, त्यालाही मीच गप्प केलं. सुया-सलाइनचा पोटातल्या बाळाला त्रास होईल म्हणाले. लई शहाणी ना मी!

चौथ्या दिवशी बहीण परातीसमोर बसल्या बसल्या पेंगायला लागली, काहीबाही बरळायला लागली. आता पाणी फिकट यायला हवं होतं, पण ते तसंच पिवळं. काय मनात आलं कुणास ठाऊक, परातीतलं पाणी ओतून दिलं, नवी निवळी घेतली, तो रस मी माझ्याच हातांना चोळला आणि हात परातीत घातले.

पाणी पिवळंधमक झालं. मला तर काहीच झालं नव्हतं.

जीप करून भूम गाठलं. तिथं रक्त तपासलं आणि तडक धाराशिवला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, या काविळीचा विषाणू घाण मिसळलेल्या पाण्यातनं येतो. एरवी आराम केला की माणूस बहुतेक आपोआप बरा होतो. गरोदर बाईचं लिव्हर मात्र बघता बघता निकामी होऊ शकतं, म्हणून तिला लगेच दवाखान्यात आणायचं असतं. मग त्यांनी विचारलं, "चार दिवस कुठं होता तुम्ही?"

बहीण वाचली. बाळ पोटातच गेलं.

महिनाभरानं माझ्यानं राहवलं नाही. परातीत मी हात घातल्याचं तिला सांगून टाकलं. ती मेथी निवडत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "अक्का, त्योच हात पयल्या दिवशी घातला असतास तर?"