मास्तरांचं शून्य

आमच्या शेजारचे मास्तर रोज सकाळी पत्त्यांचा अख्खा कॅट अर्ध्या मिनिटात उलगडायचे, शेवटचं पान टाकून "शून्य" म्हणायचे आणि मगच चहाच्या कपाला हात लावायचे. मी कुंभारीत राहायला आले तेव्हा पहिला आठवडाभर मला हे काहीतरी जपाचंच प्रकरण वाटलं होतं. आम्ही अक्कलकोटकडची माणसं. ओट्यावर बसून कुणी ओठ हलवत असलं की तो देवाचंच नाव घेत असणार, असं आपलं धरून चालतो. आठव्या दिवशी मी जवळ जाऊन बघितलं, तर मांडीवर राजा-राणी.

मास्तर शाळेचे नव्हते. शाळेची मी. गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून ते मला "बाई" म्हणायचे. ते पंचिंगमास्तर. चादरीवर जो मोर दिसतो तो आधी चौकटीच्या कागदावर रंगवतात, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, आणि त्या पट्ट्यांची माळ मागावर चढवली की भोकांप्रमाणे नक्षी विणली जाते. ही भोकं पाडण्यात मास्तरांची चाळीस वर्षं गेली. "माणसाची चूक एकदाच व्हती, बाई. पुठ्ठ्याची चूक दर चादरीला व्हती," असं ते म्हणायचे. त्यांच्या हातून एकदाच भोकांची एक ओळ सुटली आणि एका पायाच्या मोराच्या दीडशे चादरी विणून झाल्या. सगळ्या खपल्या. वर एका व्यापाऱ्यानं तोच मोर पुन्हा मागितला. मास्तरांना चुकीपेक्षा त्या मागणीचा राग जास्त होता.

पुढे माग कॉम्प्युटरवर चालायला लागले, पुठ्ठे रद्दीत गेले आणि त्यांच्या मागोमाग मास्तर घरी आले. ते पुस्तकही त्यांना रद्दीच्याच दुकानात मिळालं. इंग्रजी, कव्हर फाटलेलं, किलोच्या भावातलं. मास्तरांना इंग्रजी अक्षरं यायची, भाषा यायची नाही. उघडलं तर पानभर चौकटींचा तक्ता आणि दर चौकटीत एक अक्षर. जन्मभर चौकटीचा कागद वाचलेल्या माणसाला ते दुसरं काय वाटणार? परदेशी टॉवेलचं डिझाइन असणार, असं समजून त्यांनी ते घेतलं. आठ दिवस त्यात नक्षी शोधली. सापडेना, तेव्हा माझ्याकडे आले.

"बाई, ह्यात फूल कुटं हाय तेवढं बघा की."

मी चार पानं वाचली आणि मला घाम फुटला. पुस्तक जुगाराचं होतं. ब्लॅकजॅक नावाचा खेळ. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण ओलांडायची नाही. पत्ते वाटणाऱ्याचं एकच पान उघडं असतं, ते बघून आपण आणखी पान घ्यायचं की थांबायचं, हे ठरवायचं. तक्त्यात तेवढंच होतं. मी पुस्तक मिटलं आणि जुगारानं घरं कशी बसतात यावर मास्तरांना चांगला अर्धा तास ऐकवलं. शिक्षकांना ती खोडच असते. मास्तरांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "बरं. आता फुडलं पान वाचा."

असं ते पुस्तक आम्ही शाळा सुटल्यावर ओट्यावर बसून वाचलं, रोज दोन-तीन पानं. घरात ते नवरा-बायको तेलुगूत बोलायचे, मी माझ्या घरी कानडीत, आणि ओट्यावर तिघांची मराठी. 'घे', 'थांब', पैज वाढवायची तर 'दुप्पट' आणि जोडीची पानं वेगळी करून दोन डाव करायचे तर 'फोड', असे चार शब्द करून मास्तरांनी तक्ता डिझाइनच्या वहीत उतरवला आणि पाठ केला. मी परीक्षा घ्यायचे. "मास्तर, तुमच्याकडे सोळा, समोर दश्शी. काय कराल?" मास्तर विचार करत असायचे तोवर आतून मावशींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज यायचा. "घे म्हनावं की. काल बी हेच इचारलं हुतं." मावशींनी पुस्तकाला कधी हात लावला नव्हता. त्या नुसत्या ऐकून शिकल्या होत्या.

पत्ते मोजायचं प्रकरण शेवटी होतं. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं लहान पान दिसलं की अधिक एक. दश्शी, गुलाम, राणी, राजा किंवा एक्का दिसला की उणे एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायच्या. बेरीज वाढत गेली की समजायचं, लहान पानं संपत आलीत, आता मोठी यायची, आणि मोठी पानं खेळणाऱ्याच्या फायद्याची. लेखकानं सरावासाठी जाता जाता एक सूचना केली होती. कॅटात लहान आणि मोठी पानं सारखीच असतात, त्यामुळे अख्खा कॅट मोजला की उत्तर शून्यच यायला हवं. हे वाक्य मी वाचलं आणि भिंतीला टेकलेले मास्तर ताठ बसले.

"म्हंजे शून्य आलं तर डोस्कं जाग्यावर हाय."

"असं पुस्तकात नाही लिहिलेलं, मास्तर."

"त्याला काय म्हाईत?" मास्तर म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी नवा कॅट घेऊन आले.

यामागचं कारण मला मावशींनी सांगितलं. मास्तरांचे थोरले भाऊ मागावर कामाला होते. साठी उलटल्यावर ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग घरचा रस्ता, मग माणसं. शेवटच्या वर्षी मास्तर त्यांना आपल्या हातानं जेवू घालायचे आणि ते दर घासाला विचारायचे, "तुमी कुणाचे?" मास्तर दर घासाला सांगायचे. "थोरल्याला कळलंच न्हाय कवा सुरू झालं ते," मास्तर नंतर एकदा मला म्हणाले. "यायचं असंल तर येऊ द्या. पर मला कळाया पायजे." जुगारातलं त्यांना काहीएक नको होतं. आपलं डोकं ठिकाणावर आहे, एवढंच रोज सकाळी तपासून बघायचं होतं. माझं ते अर्ध्या तासाचं प्रवचन आठवलं की मला अजून लाज वाटते.

घरात त्यांना स्पर्धा होती. मावशी विड्या वळायच्या. पंचवीस विड्यांची एक जुडी बांधायची असते, आणि मावशी टीव्ही बघत, माझ्याशी गप्पा मारत, मध्येच उठून दूध उतरवत जुडी बांधायच्या आणि ती पंचविसाचीच निघायची. मास्तरांना हे सहन व्हायचं नाही. एक दिवस त्यांनी एक जुडी ओढून घेतली, सोडली आणि एकेक विडी मोजली. चोवीस भरल्या. इतके खूश झालेले मास्तर मी त्याआधी बघितले नव्हते. मावशी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, "पंचविसावी तुमच्या मांडीखाली गेलीय." तिथेच होती. त्यानंतर दोन दिवस मास्तर कॅट घेऊन मागच्या दारी बसत होते.

तक्ता पाठ झाला तरी मास्तरांच्या हाताला चैन पडेना. त्यांनी तक्त्याचे पुठ्ठे पाडले. तांबडी चौकट म्हणजे 'घे', पांढरी म्हणजे 'थांब', निळी म्हणजे 'दुप्पट', पिवळी म्हणजे 'फोड'. ओळखीच्या एका जुन्या मागवाल्यानं त्याचा टॉवेल विणून दिला. एका टॉवेलसाठी कुणी माग लावत नाही, म्हणून बारा विणले. अकरा मास्तरांनी गल्लीत वाटले. जगभरचे जुगारी जो तक्ता घोकतात, तो आमच्या गल्लीत ताटं पुसायला वापरतात, आणि त्यात एकही चौकट चुकलेली नाही. मी ताडून बघितलं आहे.

बारावा टॉवेल खांद्यावर टाकून मास्तर गोव्याला गेले. जावयानं हट्टानं नेलं होतं. भर दुपारी दोघं एका कॅसिनोच्या जहाजावर चढले. तिकिटात जेवण धरलेलं होतं, म्हणून जावई जेवणाच्या रांगेत लागला आणि मास्तर एका टेबलाशी जाऊन उभे राहिले. तिथे सहा कॅट एकत्र पिसलेले असतात. मास्तर खेळले नाहीत, नुसते मोजत राहिले. तासाभरानं बेरीज अधिक अकरावर गेली. आता मोठी पानं येणार हे आपल्याला माहीत असून गप्प बसणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी टेबलावरच्या एकेकाला वाकून सांगितलं, "आता बसून राहा, उठू नका." मग पत्ते वाटणाऱ्या मुलीकडे वळून तिलाही सांगितलं, "बाळ, आता तुमचं नुकसान व्हनार. जरा जपून."

कोट घातलेले दोघेजण आले. त्यांनी मास्तरांना सरबत दिलं आणि दोन्ही बाजूंनी हात धरून किनाऱ्याच्या होडीत बसवलं. जावयाला हे जेवण झाल्यावर कळलं. "लई चांगली पोरं," मास्तर घरी आल्यावर मला सांगत होते. "पडू नये म्हनून पार खालपातूर सोडाया आली. चाळीस वर्सांत कारखान्यात कुणी मला दारापातूर सोडाया आलं न्हाय." आपल्याला हाकललं, हे त्यांना कळलं होतं की नाही, ते मला आजवर उमगलेलं नाही. मावशींनी एकच प्रश्न विचारला, जेवलात का. जेवले नव्हते.

अशी चार वर्षं गेली. शून्य, चहा, शून्य, चहा. त्या आवाजाची मला इतकी सवय झाली की त्यावर मी शाळेला निघायचे. गेल्या वर्षी ते दोघं टेंभुर्णीला मुलीकडे राहायला गेले. मी दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेला मास्तरांनी मला विचारलं, "तुमी कुणाच्या?" मी सांगितलं. चहा होईस्तोवर आणखी दोनदा सांगितलं. परतीच्या एसटीत मला खूप रडू आलं.

पण ते कुंभारीत असतानाची एक सकाळ मी अजून कुणाला सांगितलेली नाही, मावशींनाही नाही. शाळेला निघाले होते. मास्तरांनी शेवटचं पान टाकलं आणि ते काहीच बोलले नाहीत. मी थांबले.

"अधिक एक," ते म्हणाले.

त्यांनी पिसून पुन्हा मोजलं. या खेपेला वेळ जास्त लागला. पुन्हा अधिक एक. चहावर साय धरली होती. मग मास्तरांचा चेहरा एकदम उजळला.

"बाई, पान हारवलंय! एखादं मोठं पान कमी असंल तर अधिक एकच येनार की. थांबा, चष्मा आनतो, मांडून बघू." आणि ते आत गेले.

मी कॅट उचलला आणि भराभर पानं मोजली. बावन्न. एकही कमी नव्हतं. मला भीती वाटली, घरच्या माणसाचा रिपोर्ट हातात पडल्यावर वाटते तशी. आत चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज झाला. मी वरचं पान काढलं, पर्समध्ये टाकलं आणि कॅट होता तिथे ठेवला. पान कुठलं, ते बघितलंसुद्धा नाही.

मास्तरांनी चार ओळी मांडल्या. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. पानं एक्कावन्न भरली. "बघा, एक कमीच आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला. किलवरच्या ओळीत तिर्रीची जागा रिकामी होती.

मास्तर त्या जागेकडे बराच वेळ बघत बसले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी हात पुढे केला. मी पर्स उघडून पान दिलं. त्यांनी ते दुर्री आणि चौकीच्या मध्ये ठेवलं आणि बोटानं सरळ केलं.

"तिर्री ल्हान पान. ती गेली असती तर उणे एक आलं असतं, बाई."

माझे डोळे भरून आले.

"रडू नका. मला कळलं तरी. थोरल्याला तेबी कळलं न्हवतं." त्यांनी गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला. "हिला सांगू नका." मग पत्ते गोळा करता करता, वर्गात एखाद्याचं गणित तपासावं तसं, सावकाश म्हणाले, "फुडं मला कळायचं न्हाय, तवा कुटलंबी पान काढा, चालंल. आज मोठं काढाया पायजे व्हतं."