शेवटचा फर्मा

आमच्या बाइंडिंगच्या दुकानात सगळी शिवण आत्याची. तीस वर्षं दाभण तिच्याच हातात. तिच्या धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या बाबांचं काम गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना "झालं म्हणून समजा" सांगण्याचं. ते मात्र ते जीव ओतून करत.

लायब्ररीतून एक जुनी, गाजलेली कादंबरी दर दोन-तीन वर्षांनी यायची. मुली वाचून वाचून तिची लक्तरं करत. सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करून पुन्हा शिवताना आत्याने ती अकरा वेळा वाचली होती. श्रीमंत बापाची हुशार लेक, पण बंगला, बाग सगळं जातं आतेभावाला. ती बॅग उचलून फाटकाबाहेर पडते. मग शेवटच्या फर्म्यात त्याच ठोंब्याशी लग्न करून परत येते आणि सगळे खूश.

"स्वतःच्याच घरात शिरायला नवरा करावा लागला बाईला," आत्या दोरा तोडत म्हणायची. "म्हणे शेवट गोड! अर्थात, बाग चांगली होती. मला दुकानाची ही खिडकी जरी कुणी नावावर करून दिली असती, तरी मीसुद्धा विचार केला असता."

मागच्या वर्षी आजोबांनी दुकान बाबांच्या नावावर केलं.

"कागद काय गं ताई, नावापुरता," बाबा म्हणाले. "दुकान तुझंच आहे."

"मग घाल की माझं नाव."

बाबा खो खो हसले. त्यांना तो खरंच विनोद वाटला. मला त्यांची लाज वाटली.

त्याच आठवड्यात ती कादंबरी पुन्हा आली. आत्याने नेहमीसारखी सुबक शिवली, फक्त शेवटचा फर्मा आपल्या खणात ठेवून दिला.

वर्षभराने लायब्ररीतल्या बाई पुस्तक घेऊन आल्या. "चाळीस मुलींनी वाचलं, एकीचीही तक्रार नाही. काल आमच्या साहेबांनी नेलं आणि आज ऑफिस डोक्यावर घेतलंय! सोळा पानं कुठायत?"

बाबांचं तोंड एवढंसं झालं. लायब्ररीचं काम गेलं तर दुकानाला कुलूपच. त्यांनी आत्याकडे पाहिलं.

"मालकांना विचारा," आत्या बाईंना म्हणाली. "मी नुसती शिवते."

मालकांनी कपाटं उपसली, खळीच्या डब्यात हात घातला, शेवटी माझ्यावर खेकसले, "बघत काय बसलीस? शोध! आत्यानंतर शिवण तुलाच सांभाळायचीय."

"आणि दुकान?"

"ते दादा बघेल की," बाबा टेबलाखालून म्हणाले.

आमच्या दादाला सुईत दोरा ओवता येत नाही.

आत्याने खण उघडला आणि फर्मा माझ्या हातात दिला. "मी अकरा वेळा वाचलाय. तू एकदाच वाच. आणि इथे शिवायला बसू नकोस."